सातवा रंधा

"परात माझी आहे," आई म्हणाली.

"माहितीये."

"त्यात मी पीठ मळते."

"दुसरं एवढं पसरट भांडं नाही घरात. संध्याकाळी घासून देते."

"घासून देते म्हणे! कमरेत वाकता येत नाही, आणि घासून देते."

ती पदराला हात पुसत दारातच उभी राहिली. मी मांगरात, घराशेजारच्या कामाच्या खोपटात, जुन्या उशीवर बसले होते, समोर परात, परातीत व्हिनेगर आणि व्हिनेगरमध्ये अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, रंध्यांची तीन गंजलेली पाती. मोबाईलवरच्या दाढीवाल्यानं रात्रभर भिजवा म्हणून सांगितलं होतं. मी दोन रात्री भिजवली. जास्त भिजवलं की जास्त निघेल, असा माझा हिशोब. पाती बाहेर काढली तर तव्यासारखी काळी पडलेली.

"जाळलीस," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची, देवरुख डेपोत कंडक्टर. वीस वर्षं घाटातल्या गाड्यांत उभं राहून कमरेनं माझ्याशी बोलणं सोडलं होतं. डॉक्टरांनी दोन महिने घरी बसवलं. लग्न फार पूर्वी मोडलं होतं, मुलंबाळं नाहीत, घरात आई आणि मी. दोघी थकलेल्या. सकाळी कोण आधी उठून चहा टाकतं यावर आमचं मुक्यानं भांडण चालायचं आणि बहुतेक वेळा मीच हरायचे, म्हणजे चहा आईच टाकायची.

अशात पुंडलिककाका आले. अण्णांचे चुलतभाऊ, आमच्या सुतार समाजाचे अध्यक्ष. समाजाचं सभागृह नुकतंच बांधून झालं होतं. त्यात काचेचं कपाट करून जुन्या कारागिरांची हत्यारं ठेवायची होती, आणि पहिला मान अण्णांचा. काका पडवीत बसून हातवारे करत सांगत होते, "आत्माराम मेस्त्रींचे सात रंधे! पाटीसुद्धा रंगवून झाली. विश्वकर्मा जयंतीला उद्घाटन. महिना आहे हातात. एखादा माणूस लावून साफ करून घेऊ."

"माणूस कशाला? मी करते," मी म्हटलं.

काका हसले. "तू? रंधा कुठल्या बाजूनं धरतात ते तरी माहितीये का तुला?"

नव्हतं माहीत. कुठून असणार? आमच्याकडे बाईमाणसानं हत्याराला हात लावायचा नाही. नऊ वर्षांची असताना मी एकदा मांगरात शिरून अण्णांचा रंधा उचलला होता. तेवढ्यात आई आली आणि तिनं माझ्या अशी कानफटात ठेवून दिली की दोन दिवस कान वाजत होता. अण्णांनी नव्हे, आईनं. ती आयुष्यात मला मारलेली एकच. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. मेस्त्र्याची मुलगी असून मला खिळा ठोकता येत नाही, याचा राग मी तीस-पस्तीस वर्षं जपून ठेवला होता. म्हणून म्हटलं, मी करते.

आणि अण्णांचा रंधा म्हणजे साधी गोष्ट नव्हती. अण्णांचे देव्हारे पार साखरप्यापर्यंत जायचे. लोक घ्यायला आले की आधी हात फिरवायचे आणि म्हणायचे, "हा आत्मारामाचा हात!" पॉलिश पेपर न लावता लाकूड असं गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. दुपारची जेवणं झाली की मांगराचं दार बंद व्हायचं. आई सांगायची, "अण्णा काम करतायत, कुणी आत यायचं नाही," आणि स्वतः मागच्या दारी कामाला जायची. मी पडवीत गोधडीवर आडवी व्हायचे आणि आतून रंध्याचा आवाज यायचा. लांब, एकसारखा, स्सर्र करून जाणारा. त्या आवाजात मी कितीतरी दुपारी झोपलेय. अण्णा गेले त्याला चार पावसाळे झाले होते. मांगर गळत होता, आणि पेटीतल्या रंध्यांकडे कुणी बघितलं नव्हतं.

तीन लोखंडी, चार लाकडी. पाती काळी केल्यावर मी जरा शहाणी झाले. गंज आधी रॉकेलनं सैल करायचा हे कळलं. जुन्या फोटोच्या फ्रेमची काच काढली, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि पातं घासत बसले. एक बाजू घासली की दुसरी वाकडी. दुसरी सरळ केली की पहिलीची धार गेली. बोटं कापली ती वेगळीच. चौथ्या दिवशी एका पात्यानं कागद कापला, तेव्हा मी एकटीच मांगरात "जमलं गं बाई!" म्हणून ओरडले.

मग ते पातं रंध्यात बसवलं, पाचर ठोकली, फळीवर रेटलं. रंधा तसूभर हलेना. पुन्हा रेटला. नुसताच खडखडला.

"उलटं बसवलंयस," दारातून आवाज आला. आई लसूण सोलत उभी होती. माझ्याकडे बघतही नव्हती.

"काय?"

"पातं. उतरती बाजू खाली यायला हवी."

"तुला काय माहीत?"

"इतकी वर्षं अण्णांचं बघितलं नाही का," ती म्हणाली आणि लसणाची सालं फुंकून गेली.

पातं काढून उलटं बसवलं. रंधा चालला. फळीवरून पहिलं सालपट निघालं, जाड, तुटकं, पण निघालं. ते मी देवापुढे नेऊन ठेवलं. आईनं बघितलं. संध्याकाळी ते सालपट चुलीत गेलं होतं.

असे एकेक करत सहा रंधे झाले. दिवसभर बसून कंबर धरायची, रात्री आई तेल लावून द्यायची. डाव्या हातानं. आई डावखुरी. जेवायला तेवढा उजवा, बाकी सगळं डाव्यानं. माझी आजी म्हणे यावरून तिला फार बोलायची.

तेल लावतानाच ती म्हणाली, "रोहिणी, त्यातला धाकटा राहू दे."

"धाकटा म्हणजे?"

"तो शिसवी. वीतभराचा. तो नको देऊस त्यांना."

"का गं?"

"मला हवाय."

"तुला कशाला हवाय?"

ती कंबर चोळत राहिली. "असाच," म्हणाली.

"आई, सात रंधे म्हणून पाटी रंगवलीये त्यांनी. एक कमी कसा देऊ? आणि तो इथं ठेवून काय करणार आपण? पुन्हा गंजणार."

"मी दुसरं काही मागितलंय का?"

"बरं, बघू," मी म्हटलं.

आता एसटीत कंडक्टर जेव्हा बघू म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ नाही असाच असतो. आईला ते माहीत होतं. तिनं तेलाची वाटी उचलली आणि दिवा मालवला.

माझा विचार वाईट नव्हता, एवढं सांगते. मला वाटलं, तो रंधा जुना आणि वाकडातिकडा आहे म्हणून तिचा जीव त्याच्यात अडकलाय. अण्णांची आठवण. आपण तो असा झकास करू की काचेत बघून तिलाच अभिमान वाटेल. सहा रंधे करून माझ्या हातात थोडं आलंही होतं. थोडं आलेलं माणूस फार वाईट.

त्या धाकट्यात दोन खोडी होत्या. एक म्हणजे पात्याची धार सरळ नव्हती. एक कोपरा घासून खाली गेलेला, चांगला दोरा-दीड दोरा, म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढा. दुसरी म्हणजे लाकडाला मागच्या बाजूला, उजव्या अंगाला, एक खड्डा होता. गुळगुळीत, लांबट, आत काळा झालेला. उजव्या हातानं रंधा धरला की अंगठा डावीकडे येतो. मी धरून बघितला. त्या खड्ड्यात माझं काहीच बसेना. मग तो असायचं कारण काय? म्हटलं, उंदरानं कुरतडलं असेल, नाहीतर कधीतरी पडून ठेचलं असेल.

तीन दिवस लागले. पात्याचा तो कोपरा जाईपर्यंत सगळी धार मागे घेतली आणि गुण्या लावून बघितली, अगदी काटकोनात. मग मी दुरुस्त केलेला मोठा रंधा घेतला आणि त्यानं या धाकट्याची उजवी बाजू तासली. खड्डा जाईपर्यंत. शिसवाची काळी बारीक सालपटं पडत होती आणि मला काय आनंद होत होता म्हणून सांगू! महिन्यापूर्वी मला पातं कुठल्या बाजूनं बसवतात ते माहीत नव्हतं. शेवटी जवसाचं तेल पाजलं. रंधा नव्यासारखा दिसायला लागला.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी काका बघायला आले. मी पडवीत जुन्या धोतरावर सहा रंधे मांडले होते. काकांनी एकेक उचलून बघितला. "पोरी, कमाल केलीस हां!" असं तीनदा म्हणाले. मग मी आत जाऊन सातवा घेऊन आले.

"अरे वा! हा तर दुकानातून आणल्यासारखा वाटतो," काका म्हणाले.

आई चहा घेऊन आली. कप खाली ठेवले, रंध्याकडे बघितलं. मग डाव्या हातानं तो उचलला. तिचा अंगठा उजव्या बाजूला गेला आणि सरकला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा सरकला. मग तिनं रंधा उलटा करून पात्याकडे बघितलं.

"इथला खड्डा?" तिनं विचारलं.

"काढला. बघ ना, कशी सपाट झालीये बाजू! आणि धार पण सरळ केली. एक कोपरा पार गेलेला होता."

"वहिनी," काका मध्येच म्हणाले, "हत्यार डाव्या हातात धरू नये. ठेवा खाली."

आईनं ठेवला. "चहा गार होतोय," म्हणाली आणि आत गेली.

काका सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणून सांगून गेले. मी पडवीतच आडवी झाले. आई रागावलीये हे मला कळलं होतं, पण उठून समजूत काढायची ताकद नव्हती. म्हटलं, होईल शांत. डोळा लागला.

आणि मग तो आवाज आला. स्सर्र. मध्येच अडखळला, खट करून थांबला. पुन्हा स्सर्र. अर्धवट झोपेत मला वाटलं, अण्णा काम करतायत. मी कूस बदलली. मग एकदम जागी झाले.

मांगरात आई बाकापुढे उभी होती. पदर खोचलेला, फणसाची फळी बाकावर अडकवलेली, डावा हात रंध्याच्या मागे, उजवा पुढे. एकाहत्तर वर्षांची बाई, रोज भिंतीला धरून न्हाणीत जाणारी. पाय असे रोवलेले की मी तिला कधी तशी उभी बघितली नव्हती.

"दार लाव," ती मागे न बघता म्हणाली.

मी लावलं.

"सवय आहे. दार लावल्याशिवाय हात चालत नाही." तिनं एकदा रंधा रेटला. कोपरा लाकडात रुतला आणि फळीवर एक चरा उठला. "बघ. रुततोय."

"आई, तू..."

"अण्णा देवळाच्या शिडीवरून पडले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. आठवतंय?"

आठवत होतं. तेव्हापासून अण्णांच्या उजव्या मनगटाला कायम कापडाची पट्टी असायची. मला वाटायचं, कारागीर लोक बांधतात तशी.

"मनगट बसवलं ते वाकडंच बसलं. करवत चालायची, सांधे जमायचे. पण रंधा रेटला की कळ खांद्यापर्यंत जायची. एक देव्हारा अर्धा होऊन पडला होता. ते डोक्याला हात लावून बसले होते. मी म्हटलं, मी बघू का?"

"मग?"

"आधी मारायला उठले. मग उठलेच होते तर दार लावलं."

ती हसली. मला हसू येईना.

"म्हणजे रोज दुपारी..."

"ते झोपायचे. तिथं, त्या कोपऱ्यात, सालपटांवर. घोरायला लागले की मी जोरात रेटायची, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून."

"लोक हात फिरवून म्हणायचे, आत्मारामाचा हात."

"मी चहा घेऊन यायची ना तेव्हा. ऐकायची."

"वाईट नाही वाटायचं?"

"वाटायचं की. पण बरंही वाटायचं. कौतुक तर माझंच होतं." तिनं रंधा उचलून पात्यावरून बोट फिरवलं. "डाव्या हातानं रेटलं की जोर एकीकडे पडतो आणि कोपरा रुततो. म्हणून त्यांनी तो कोपरा मारून दिला होता. तसलं मनगट घेऊन आठ दिवस घासत बसले होते माझ्यासाठी. तोंडानं कधी चांगलं म्हणाले नाहीत. कोपरा तेवढा मारून दिला."

मी बाकाच्या टोकाला टेकले. कंबर दुखत होती, पण ते दुखणं आता कुठल्या कुठे लांब होतं.

"आणि तो खड्डा..."

"तो माझा. अंगठा राहून राहून पडला."

"आई, सांगायचंस ना गं मला! एक शब्द बोलली असतीस तर..."

"मागितला होता ना मी," ती म्हणाली.

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. आईनं मला रडू दिलं, आणि मग पदरानं माझं नाक पुसलं, मी शेहेचाळीस वर्षांची असताना.

"मला मारलं होतंस. मी रंधा उचलला म्हणून."

"हाच उचलला होतास. अण्णांना विचारायला निघाली होतीस, याचा एकच कोपरा का घासलाय म्हणून. तू गावभर केलं असतंस. तुझं तोंड तेव्हापासून कंडक्टरचं."

मग तिनं रंधा माझ्या मांडीवर ठेवला. "दे उद्या त्यांना. आता तो कुणाचाही आहे."

सकाळी टेम्पो आला. काकांनी रंधे मोजले. "सहाच?"

"सहाच."

"अगं, पाटीवर सात रंगवलंय!"

"सातावर रंग फासा आणि सहा लिहा."

"पण झालं काय एका रात्रीत?"

मी आईकडे बघितलं. ती दारात उभी होती. तिनं मान हलवली, नाही म्हणून. अण्णांच्या फोटोला हार पडणार होता त्या दिवशी. मी गिळलं सगळं. "तो आईचा आहे," एवढंच म्हटलं.

"वहिनींचा! बरं, बरं. आठवण म्हणून राहू दे," काका हसून म्हणाले. मला त्यांचा असा संताप आला की मी टेम्पो जाईपर्यंत आतच बसले. उद्घाटनाला गेले नाही. कंबर दुखते म्हणून कळवलं, आणि ते खोटंही नव्हतं.

कोपरा मी परत मारून दिला. आई समोर बसून सांगायची, "अजून, अजून, बास." मला चार दिवस लागले. खड्ड्याचं काही करता येईना. "पटाशीनं कोरून देऊ का?" मी विचारलं.

"कोरलेला नको."

"मग पुन्हा पडायला किती दिवस लागतील?"

ती विचार करायला लागली. "तुझा दहावीचा निकाल लागला ना, त्या सुमारास पहिल्यांदा लक्षात आलं, अंगठा आपला आपण बसतो म्हणून."

मी मनात हिशोब केला. दहा वर्षं. आई एकाहत्तरची.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी अर्धा तास मांगरात जायची. मी कामावर परत रुजू झाले तरी तिचा नेम मोडला नाही. पाट केले, शेजारच्यांना पोळपाट करून दिले. लोकांना वाटायचं मी विकत आणते. सुट्टीच्या दिवशी मला शिकवायची, तिच्यासारखंच डाव्या हातानं. मी चुकले की हातावर चापट मारायची. चार वर्षं चाललं हे. पाचव्या वर्षी, गौरी-गणपतीच्या आधी, ती गेली.

मागच्या महिन्यात पुंडलिककाका आले होते. फार थकलेत आता, काठी घेऊन चालतात. म्हणाले, "रोहिणी, वहिनीही जाऊन आठ वर्षं झाली. तू निवृत्त झालीस. तो सातवा रंधा दे आता. कपाटात जागा मोकळी आहे त्याची."

"नाही देता येणार, काका. वापरात आहे."

"वापरात? कोण वापरतं?"

मी आत जाऊन रंधा आणला आणि त्यांच्या हातात दिला. "उजव्या बाजूला बोट फिरवा. मागच्या अंगाला. डोळे मिटून."

बघितलं तर दिसत नाही. बोट फिरवलं तर कळतं, किंचित खोल आहे. चार वर्षांत आईच्या अंगठ्यानं, आणि नंतर सुट्टीच्या दुपारी माझ्या, जेवढं झालं तेवढं. काकांनी खूप वेळ बोट फिरवलं. मग उलटा करून त्या मारलेल्या कोपऱ्याकडे बघितलं. म्हातारे असले तरी मेस्त्री आहेत ते. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं.

"वहिनी डावखुऱ्या होत्या," ते हळूच म्हणाले.

"हो."

"म्हणजे ते देव्हारे..."

"हो, काका."

आमच्या देव्हाऱ्यासमोरच बसले होते ते. उठून त्याच्यावरून एकदा हात फिरवला. मग रंधा मला परत दिला, माझ्या डाव्या हातात. दारापर्यंत जाऊन वळले. "तू कधी काम करतेस?" त्यांनी विचारलं.

"दुपारी," मी म्हटलं. "या कधीही. दार उघडंच असतं."